सांगलीतून आंतरराष्ट्रीय बँकिंगच्या मास्टर्सकडे: सुरुवात कुठून करायची

दर मे महिन्यात घरी आले की कुणीतरी भेटायला येतंच. कधी शेजारच्या काकू मुलाला घेऊन येतात, कधी कॉलेजची ज्युनिअर मुलगी फोन करते. प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, बी.कॉम. झालंय, इंटरनॅशनल बँकिंग अँड फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय, कुठलं विद्यापीठ चांगलं?’ मी सांगलीत बी.कॉम. केलं, दोन वर्षं बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात काम केलं, स्कॉटलंडमध्ये एक वर्षाचं एमएससी केलं आणि आता पुण्यात एका बँकेत निर्यात-आयातीची कागदपत्रं तपासते. त्या अनुभवावरून सांगते, विद्यापीठाचा प्रश्न चौथा-पाचवा आहे. त्याआधी जे करायचं ते इथेच, सांगलीत करायचं आहे. म्हणून हा लेख क्रमाने लिहिते आहे.

आधी मार्केट यार्डात जा

हा विषय म्हणजे नेमकं काय, हे ब्रोशर वाचून कळत नाही. दोन माणसं दोन देशांत आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांचं चलन वेगळं आणि कायदाही वेगळा. तरी माल जायला हवा आणि पैसे यायला हवेत. यात धोका कुणी, किती आणि काय मोबदला घेऊन उचलायचा, हाच सगळा अभ्यास आहे. सांगलीच्या माणसाला तो परका नाही. हळदीच्या पेठेत दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी हे शब्द अजून जुन्या मंडळींच्या तोंडी आहेत. दर्शनी म्हणजे दाखवली की पैसे, मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, कागद अटींप्रमाणे असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी. पाठ्यपुस्तकातली साइट एलसी आणि यूझन्स एलसी याच तत्त्वावर चालतात. फक्त हुंडीमागे पेढीची पत असायची, इथे बँकेची असते.

म्हणून पहिलं काम: ओळखीतला एखादा हळदीचा, बेदाण्याचा किंवा द्राक्षाचा निर्यातदार गाठा आणि त्याच्या ऑफिसात चार दिवस नुसते बसा. कागद बघू द्या म्हणावं. लेटर ऑफ क्रेडिट, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती), ओरिजिन सर्टिफिकेट हे कागद एकदा हातात धरून वाचले की पुढे वर्गात कल्पना करत बसावं लागत नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण त्यावरूनच मला हा विषय लागला. आमच्या चुलत्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने हळकुंडांचा कंटेनर दुबईला पाठवला. माल न्हावाशेव्याहून वेळेत निघाला. बिल ऑफ लेडिंग हातात यायला मात्र उशीर झाला, मध्ये गणपतीच्या सुट्ट्या आल्या आणि कागद बँकेत पोचले ते जहाज सुटल्यापासून तेविसाव्या दिवशी. एलसी ज्या नियमांवर चालते ते नियम, म्हणजे यूसीपी ६००, जुलै २००७ पासून लागू आहेत. एलसीत वेगळी मुदत लिहिलेली नसेल तर त्या नियमांप्रमाणे माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करावे लागतात. शिवाय इनव्हॉइसवर मालाचं वर्णन ‘ड्राय टर्मरिक’ असं होतं, एलसीत ‘टर्मरिक फिंगर, डबल पॉलिश्ड’. बँकेने दोन्ही चुका कळवल्या. माल उत्तम होता, त्यात काडीचा दोष नव्हता. पण त्याच नियमांत स्पष्ट म्हटलंय की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. त्या आठवड्यात बाजार उतरला होता. खरेदीदार म्हणाला, भाव कमी करत असाल तरच कागद सोडवतो. व्यापाऱ्याने भाव सोडला. हळद वर्षभर पेवात सांभाळणारा माणूस दोन दिवसांच्या उशिराने आणि तीन शब्दांच्या फरकाने फसला. मला त्या दिवशी कळलं की या कामात माणसाचं नुकसान वाचवता येतं, आणि ते शिकून घ्यावं असं मनापासून वाटलं.

चार दिवस बसून तुम्हाला कंटाळा आला, तर तेही उत्तरच आहे. तीस लाख खर्च करण्याआधी मिळालेलं.

अभ्यासात काय येतं आणि गणिताचं काय करायचं

अभ्यासक्रमांची नावं वेगवेगळी असली तरी गाभा सारखाच असतो: आंतरराष्ट्रीय वित्त, बँक व्यवस्थापन आणि जोखीम, नियमन, कॉर्पोरेट फायनान्स, डेरिव्हेटिव्ह्ज, अर्थमिती आणि शेवटी प्रबंध. विषयामागची कारणं समजून घ्यायला इतिहासाचे काही तुकडे आधीच वाचून जा. २६ जून १९७४ रोजी जर्मनीत कोलोनची हेरस्टाट बँक बंद करण्यात आली. तिकडे कामाचा दिवस संपला होता, न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. समोरच्या बँकांनी मार्क देऊन टाकले होते आणि बदल्यात मिळायचे डॉलर आलेच नाहीत. त्याच वर्षी देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांनी बँकांवरच्या देखरेखीसाठी बासल समिती नेमली. बँकेने आपल्या जोखमीच्या मालमत्तेमागे स्वतःचं किमान भांडवल किती ठेवायचं, हे प्रमाण १९८८ च्या पहिल्या करारात ८ टक्के ठरलं. आपली रिझर्व्ह बँक ९ टक्के मागते आणि त्यावर अडीच टक्क्यांची राखीव उशी.

हे आकडे कोरडे वाटले तर आपल्याच भागाकडे बघा. साताऱ्यात १९३६ साली सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. आपली सांगली बँक १९१६ ची, ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. आमच्या आजोबांचं पासबुक सांगली बँकेचं होतं. युनायटेड वेस्टर्नवर भांडवल अपुरं पडल्यामुळे निर्बंध आले, ठेवीदार रांगेत उभे राहिले, आणि त्या रांगेतले लोक आपले होते. वर्गात भांडवल पर्याप्ततेचं सूत्र आलं की मला तीच रांग आठवायची.

आता गणित. बी.कॉम. करून गेलेले बहुतेकजण इथेच अडकतात, आणि आधी कुणी सांगत नाही म्हणून अडकतात. जाण्यापूर्वीचे सहा महिने रोज एक तास द्या. अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं डिफरन्सिएशन, लॉगॅरिदम, मॅट्रिक्सची प्राथमिक ओळख, संभाव्यता, प्रमाण विचलन, सहसंबंध, सरळ रेषेचं रिग्रेशन. यापेक्षा जास्त लागत नाही, पण एवढं हाताला बसलेलं हवं. जोडीला एक्सेल नीट शिका आणि आर किंवा पायथन या संगणकभाषांपैकी एकीची तोंडओळख करून घ्या.

सरावासाठी एक गणित घ्या. समजा आज डॉलर ८५ रुपये आहे, भारतात वर्षाचा व्याजदर साडेसहा टक्के आणि अमेरिकेत साडेचार. एका वर्षानंतरच्या डॉलरचा भाव आज ठरवायचा तर तो किती असावा? ८५ गुणिले १.०६५, भागिले १.०४५. उत्तर ८६ रुपये ६३ पैसे. का, ते कागदावर मांडून बघा: कुणी आज डॉलर उसने घेतले, रुपये करून इथे ठेवले आणि वर्षाने परत डॉलर करून फेडले, तर फुकटचा नफा उरता कामा नये. हे गणित ज्याला घरी बसून स्वतःच्या शब्दांत समजावता येतं, त्याचं पहिलं सत्र सोपं जातं. आणि द्राक्षाचे पैसे तीन महिन्यांनी युरोत येणार असलेल्या बागायतदाराला फॉरवर्ड कराराचा (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवण्याच्या कराराचा) दर असा का, तेही त्याला सांगता येतं.

लगेच जायचं की आधी नोकरी

माझं मत स्पष्ट आहे: किमान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षं आधी काम करा. बँक, निर्यातदार, सीए फर्म, कस्टम हाउस एजंट, काहीही चालेल, पण कामात परकीय चलनाचा संबंध यावा. मास्टर्सनंतर नोकरी देणारा माणूस पदवी बघतो, पण विचारतो ते ‘केलंय काय?’ शिवाय ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतोच. नोकरी करता करता बँकिंगच्या जेएआयआयबी-सीएआयआयबी परीक्षा किंवा परकीय चलन व्यवहारांचा एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून ठेवला तर अर्जाला वजन येतं. त्या परीक्षा घेणारी संस्था, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, १९२८ पासून हेच काम करते आहे.

आणि बाहेर जायलाच हवं का, हाही प्रश्न याच टप्प्यावर स्वतःला विचारा. पुण्यात १९६९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, १९३० ची गोखले इन्स्टिट्यूट आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत देशातलं पहिलं आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र आहे. तिथे भारतीय आणि परदेशी बँकांच्या शाखा परकीय चलनात व्यवहार करतात. देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं आणि ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. परदेशी शिक्षणाला ही योजना लागू नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा मार्ग दुय्यम समजू नका. यातून मुंबईतल्या बँकांच्या ट्रेझरीत, म्हणजे चलन आणि व्याजाचे व्यवहार होतात त्या विभागात, पोचलेली मुलं माझ्या ओळखीत आहेत.

देश निवडताना

ब्रिटन आणि जर्मनी या दोनच देशांबद्दल लिहिते, कारण आपल्याकडची मुलं जास्त करून तिकडेच अर्ज करताना दिसतात.

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षाचं असतं आणि तीन वर्षांचं बी.कॉम. चालतं. गुण साधारण ६० टक्क्यांच्या पुढे हवेत, नामांकित ठिकाणी त्याहून जास्त. आयईएल्ट्‌समध्ये म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी साडेसहा, आणि एकाही भागात सहाच्या खाली नको. शुल्क दणदणीत आहे. त्यावर राहण्याच्या खर्चापोटी खात्यात दाखवायची रक्कम वेगळी: लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड, लंडनबाहेर १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज नाकारला जातो. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या फीबरोबरच आगाऊ भरायचा. हे सगळे आकडे बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचे, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नाही.

शिक्षणानंतर काम करण्यासाठीचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचा मिळेल. पुढे राहायचं तर कंपनीने प्रायोजकत्व द्यायला हवं आणि त्यासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवख्यांसाठी ३३,४०० पौंड. जोडीदाराला सोबत नेण्याची सोय वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्ससाठी २०२४ पासून बंद आहे. नुकतं लग्न झालेल्यांनी हे घरी आधीच बोलून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी मला तिथे गेल्यावर कळली. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उन्हाळ्यात वर्ग संपले तरी मास्टर्सच्या विद्यार्थ्याला ती सुट्टी धरत नाहीत, कारण प्रबंधाचं काम सुरू असतं. २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते. उन्हाळ्यात पूर्णवेळ कमावून कर्जाचं व्याज फेडू, असा हिशेब घालून येणाऱ्यांचं गणित इथे चुकतं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो आहे. ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. अडचण वेगळीच असते: तिथली विद्यापीठं पदवीत अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र यांचे किती क्रेडिट झाले ते मोजतात, आणि आपलं बी.कॉम. त्यात बरेचदा कमी पडतं. बी.ए. अर्थशास्त्र किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांना ही वाट सोपी. शिकवणी इंग्रजीत असली तरी फ्रँकफर्टच्या बँकेत नोकरी हवी तर जर्मन भाषा हवीच. तेव्हा बी१ पातळीपर्यंत तरी इथेच शिकून जा.

कर्ज: घरात सगळ्यात आधी बोलायची गोष्ट

इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण आपल्याकडची घरं इथेच अडतात.

आपल्या भागात घराची सगळी पुंजी शेतात असते. वडील म्हणतात, ‘काळजी कशाला, चार एकर बागायत आहे, ठेवू तारण.’ माझे आप्पाही हेच म्हणाले होते. सातबारा घेऊन आम्ही बँकेत गेलो आणि दहा मिनिटांत परत आलो. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण त्याच कायद्याने शेतजमीन त्यातून वगळली आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. चालतं ते एनए प्लॉट, फ्लॅट, सिटी सर्व्हेत नोंद असलेलं घर, मुदत ठेव, विमा पॉलिसी.

मग घराचे कागद काढले. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव, वारस नोंद झालेलीच नव्हती. ती करायला गेलो तर तीन आत्यांची नावं लागणार. हक्कसोडपत्र करायचं तर एक आत्या सुरतेला. आत्यांनी आनंदाने सह्या केल्या, पण यात अडीच महिने गेले आणि त्या वर्षीचा माझा प्रवेश हुकला. मी एक वर्ष थांबले. म्हणून सांगते, विद्यापीठांची यादी करण्याआधी घराचा उतारा काढा. नाव कुणाचं आहे, वारस कोण, बोजा आहे का, सोसायटीचं जुनं कर्ज फिटलंय पण नोंद कमी झाली नाही असं तर नाही ना, हे सगळं बघा. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो. आणि ज्यांच्या सह्या लागणार आहेत त्या आत्या-काकांशी आधी भेटून बोला, ऐनवेळी स्टॅम्प पेपर पुढे करू नका.

बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारण असं असतं: ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. परदेशी शिक्षणाच्या खर्चातले १५ टक्के स्वतःचे घालायचे. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, नंतर १५ वर्षांपर्यंत फेड. खासगी वित्तसंस्था तारण न घेता मोठी रक्कम देतात, पण व्याज चढं लावतात.

आता हिशेब. समजा २५ लाखांचं कर्ज आहे, १० टक्क्यांनी, आणि रक्कम सुरुवातीलाच उचलली. दोन वर्षं काही भरलं नाही तर सरळव्याजानेच ५ लाख साठतात. मग ३० लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ३९,६०० रुपये. त्याऐवजी घरच्यांनी त्या दोन वर्षांत नुसतं व्याज, म्हणजे महिना २०,८३३ रुपये, भरत ठेवलं तर पुढचा हप्ता ३३,००० च्या आसपास राहतो. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि वडिलांसमोर ठेवा. माझी कसोटी एकच आहे: परदेशात नोकरी मिळालीच नाही आणि परत यावं लागलं, तर पुण्या-मुंबईच्या पगारातून तिसऱ्या हिश्शात हा हप्ता बसेल का? बसत नसेल तर कर्ज कमी करा, विद्यापीठ बदला किंवा एक वर्ष कमवा. जमीन विकू नका. हे मी कुणालाही सांगते, आणि तेवढ्याच ठामपणे सांगते.

कर्ज रुपयांत, शुल्क पौंडात. हा तुमचा पहिला चलनधोका. २४,००० पौंडांचं शुल्क ११० च्या भावाने धरलं आणि भरायच्या वेळी पौंड ११८ झाला, तर १ लाख ९२ हजार रुपये जास्त लागतात. मंजुरी मागतानाच थोडी जास्त रक्कम धरा. उचलायची मात्र लागेल तेवढीच. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपुढे शिक्षणासाठी पाठवले तर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो लागत नाही. जुन्या करप्रणालीत राहिलात तर कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

शिष्यवृत्त्यांचा शोध कर्जाच्या आधी घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथीमार्फत योजना आहे, इतर मागास आणि आदिवासी विभागांच्या योजना आहेत. सगळ्यांत विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, म्हणून यादी करतानाच ते तपासा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देते, ती सर्वांना खुली आहे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेला मुलगा पुढे बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२३ मध्ये लंडनला रुपयाच्या विनिमयाच्या प्रश्नावर डॉक्टरेट मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तो प्रबंध आपल्याच विषयातला आहे. सातारा-सांगलीच्या मुलाने हा विषय आपला नाही असं म्हणायचं काही कारण नाही.

कागद, एजंट आणि नदीचं पाणी

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यापासून हालचाल करा. दिवाळीपर्यंत आयईएल्ट्‌स आणि शिवाजी विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट, नाताळपर्यंत अर्ज, शिमग्यापर्यंत कर्जाची फाइल बँकेत, मेपर्यंत विद्यापीठाचं डिपॉझिट. नावाचा घोळ आत्ताच मिटवा: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर स्पेलिंग तिसरंच, असं असलं की प्रत्येक टप्प्यावर प्रतिज्ञापत्र लागतं. शिफारसपत्रासाठी सरांना भेटायला जाल तेव्हा आपण केलेल्या कामाची एक पानी टिपणी घेऊन जा, म्हणजे त्यांना नेमकं लिहिता येतं.

एजंटबद्दल. त्याला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तुमच्याकडून तो पैसे घेत नाही तेव्हा तर हमखास. त्यामुळे ज्या विद्यापीठाचं नाव तो सारखं घेतो ते तुमच्यासाठीच चांगलं असेल असं नाही. मला एकाने ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ लेखी द्यायची तयारी दाखवली होती. अशी हमी जगात कुणीच देऊ शकत नाही. अर्ज स्वतः भरता येतो. उद्देशपत्र तर स्वतःच लिहा, आणि त्यात त्या हळदीच्या कंटेनरसारखं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असू द्या.

व्हिसाची तारीख पुण्याला असते आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये येते. त्याच दिवसांत कृष्णा फुगते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. रस्ते बंद होते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची फाइल खालच्या कपाटात राहिली. पाणी ओसरल्यावर तिची आई गुणपत्रिका वर्तमानपत्राच्या घडीत घालून कोमट इस्त्रीने वाळवत होती. शिक्क्याची जांभळी शाई पसरली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: मूळ कागद वरच्या मजल्यावर किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे, प्रत्येकाची स्कॅन प्रत मेलवर, आणि व्हिसाची तारीख शक्यतो जुलैच्या पहिल्या आठवड्याची.

तिकडे पोचल्यावर

पहिल्या निबंधाला ५८ मिळाले आणि मी रात्रभर जागी होते. सकाळी कळलं की तिथे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. आपल्या सवयीने त्या आकड्यांकडे बघू नका. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं मात्र तिथे गुन्ह्यासारखं धरतात. स्वतःच्या शब्दांत लिहून संदर्भ देण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. सेमिनारमध्ये बोला. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसलेला विद्यार्थी काहीच माहीत नसलेल्यासारखा दिसतो, आणि एलसीचा खरा कागद पाहिलेला वर्गात बहुधा तुम्ही एकटेच असता.

नोकरीचे अर्ज वर्ग सुरू झाले त्याच महिन्यात सुरू होतात. मोठ्या बँकांच्या भरती योजना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरत येतात, परीक्षा संपल्यावर बघू म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. एकट्याने राहण्याची धास्ती वाटली तर विटा-खानापूरकडच्या गलाई कुटुंबांची आठवण ठेवा. भाषा येत नसलेल्या गावांत जाऊन सोनं गाळण्याचा धंदा त्यांनी उभा केला, देशाच्या कानाकोपऱ्यात. आणि जिथे गेले तिथे आधी आपल्या चार माणसांचा ठावठिकाणा काढला. तुम्हीही विद्यापीठातल्या मराठी मुलांना पहिल्याच आठवड्यात गाठा.

प्रबंधाचा विषय इथूनच ठरवून जा. माझा विषय होता छोटे शेतमाल निर्यातदार चलनाच्या चढउतारापासून स्वतःला कसं वाचवतात, किंवा का वाचवत नाहीत. वर्गातले बाकीचे डेटाबेसमधून आकडे उतरवत होते. माझ्याकडे यार्डातल्या अकरा व्यापाऱ्यांच्या मुलाखती होत्या, निघण्याआधी एप्रिल-मेमध्ये घेतलेल्या. फक्त विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी मी आधी घेतली नव्हती, त्यामुळे त्या मुलाखती वापरता आल्या नाहीत आणि फोनवरून सगळ्या परत घ्याव्या लागल्या. व्यापाऱ्यांनी न कुरकुरता दिल्या. तुम्ही इथे असताना नुसती ओळख आणि परवानगी घेऊन ठेवा, प्रश्न मंजुरी आल्यावर विचारा. आणि फोन लावाल तेव्हा सांगलीची दुपारी साडेतीननंतरची वेळ धरा, सौदे उरकून माणसं तेव्हा निवांत चहाला बसलेली असतात.